नव्याने सावरणाऱ्या वस्तीतील भाड्याची इमारत: एका खरेदीचे प्रकरण

हे प्रकरण एका दांपत्याने शहरातील जुन्या, पण अलीकडे सावरू लागलेल्या वस्तीत घेतलेल्या चार घरांच्या इमारतीचे आहे. खरेदीपूर्वी हिशेब तपासून देण्याचे काम माझ्याकडे होते आणि पुढची पाच वर्षे त्या इमारतीचे आकडे मी दर वर्षअखेरीस पाहत आलो. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. रकमाही प्रत्यक्ष चलनात न देता विक्रेत्याने मागितलेली किंमत १००० धरून त्या प्रमाणात दिल्या आहेत, म्हणजे कोणत्याही शहरातील वाचकाला त्या आपल्या आकड्यांशी ताडून पाहता येतील. भाडे, हप्ते आणि खर्च जेथे जेथे येतात तेथे ते वार्षिक समजावेत.

पार्श्वभूमी

पती-पत्नी दोघेही नोकरदार, वय चाळिशीच्या मध्यावर. राहते घर कर्जमुक्त झालेले होते आणि पंधरा वर्षांची बचत हाताशी होती. निवृत्तीनंतर दरमहा येणारे एखादे उत्पन्न असावे, एवढाच त्यांचा हेतू होता. झटपट नफा कमावून बाहेर पडण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांवर या गोष्टीचा परिणाम झाला.

इमारत दुमजली होती, खाली दोन घरे आणि वर दोन. वस्ती एके काळी कारखान्यांतील कामगारांची. कारखाने बंद पडल्यावर ती बरीच वर्षे दुर्लक्षित राहिली आणि मग अशा वस्त्यांत सहसा जे घडते ते हळूहळू घडू लागले: आधी स्वस्त जागेच्या शोधात कलाकार आणि छोटे व्यावसायिक आले, मागोमाग खाणावळी व दुकाने आली, एका जुन्या गोदामाचे कार्यालयांत रूपांतर झाले आणि शेवटी दहा मिनिटांच्या अंतरावर नवे रेल्वे स्थानक मंजूर झाल्याची घोषणा झाली. त्या घोषणेनंतर दलालांच्या बोलण्यात ‘उगवती वस्ती’ हे शब्द रोज येऊ लागले.

या प्रक्रियेचा अभ्यास नवा नाही. लंडनच्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग शिरू लागला आणि मूळ रहिवासी बाहेर पडू लागले, त्या बदलासाठी समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द वापरला. पुढे १९७९ मध्ये भूगोलाचे अभ्यासक नील स्मिथ यांनी त्यामागचे अर्थकारण ‘रेंट गॅप’ या कल्पनेतून मांडले. जमिनीच्या आजच्या वापरातून मिळणारे उत्पन्न आणि तीच जमीन सर्वोत्तम रीतीने वापरल्यास मिळू शकणारे उत्पन्न यांत अंतर पडत जाते, आणि ते पुरेसे वाढले की भांडवल त्या वस्तीकडे वळते. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. ते अंतर आपल्यासाठी अजून शिल्लक आहे, की विक्रेत्याने ते आधीच किमतीत वसूल करून घेतले आहे?

इमारतीची त्या दिवशीची स्थिती अशी होती. तळमजल्यावरच्या एका घरात एक वृद्ध बाई एकट्या राहत होत्या. वस्तीत सगळे त्यांना आजीच म्हणत, म्हणून येथेही तसेच म्हणतो. त्यांना त्या घरात एकोणीस वर्षे झाली होती आणि त्यांचे भाडे २२ होते. शेजारच्या घरात शिवणकाम करणारे एक कुटुंब अकरा वर्षांपासून २४ भाड्याने राहत होते. वरच्या मजल्यावर एका तरुण नोकरदाराचे घर होते, भाडे ३०. चौथे घर रिकामे होते आणि राहण्याजोगे नव्हते. दुरुस्त केले तर त्यालाही तेव्हाच्या दराने ३० मिळाले असते.

मूळ अडचण

विक्रेत्याच्या दलालाने दिलेल्या माहितीपत्रकात चारही घरे नूतनीकरण करून प्रत्येकी ३४ भाड्याने दिल्याचे गृहीत धरले होते. एकूण भाडे १३६, खर्च २४, हाती ११२. किंमत १००० असल्याने परतावा अकरा टक्क्यांहून अधिक दिसत होता. ७०० कर्ज ७ टक्के निश्चित व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले तर वर्षाचे हप्ते ६५ होतात, म्हणजे उत्पन्न हप्त्यांच्या पावणेदोन पट. कागदावर हे गणित देखणे होते आणि दांपत्य पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा कल ते स्वीकारण्याकडेच होता.

मी तीन ठिकाणी खुणा केल्या. घर रिकामे राहण्याचा काळ कोठेही धरलेला नव्हता. खर्चाच्या २४ मध्ये मालमत्ता कर, विमा, व्यवस्थापन आणि सामाईक वीज-पाणी होते, मात्र दुरुस्तीसाठी एक पैसाही नव्हता, आणि तोही साठ वर्षांहून जुन्या इमारतीत. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची होती: १३६ हे भाडे त्या दिवशी कोणीही देत नव्हते. प्रत्यक्षात येणारे भाडे ७६ होते.

मग तोच हिशेब आजच्या भाड्यावर मांडला. चौथे घर दुरुस्त होऊन ३० ने गेले असे धरले तर एकूण भाडे १०६. रिकाम्या काळासाठी आठ टक्के, म्हणजे साडेआठ, वजा केले. खर्च दुरुस्तीच्या तरतुदीसह ३३ धरला. हाती उरले साडेचौसष्ट. ६५ च्या हप्त्यासमोर साडेचौसष्ट! अशा कर्जात हे गुणोत्तर निदान १.२ ते १.२५ असावे असा कर्ज देणाऱ्या संस्थांचा साधारणपणे आग्रह असतो. येथे ते एकाच्याही किंचित खाली होते.

याहून बोलका आकडा दांपत्यातील पत्नीने स्वतः शोधून काढला. नोंदणीच्या दप्तरात त्यांनी त्याच रस्त्यावरचे जुने व्यवहार पाहिले. जवळपास तशीच, तेवढ्याच घरांची इमारत तीन वर्षांपूर्वी ६८० ला विकली गेली होती. म्हणजे तीन वर्षांत किंमत जवळजवळ निम्म्याने वाढली होती. त्याच काळात त्या रस्त्यावरची भाडी मात्र साधारण आठव्या हिश्श्याने वाढली होती. स्थानक अजून बांधले गेले नव्हते, भाडेकरूच्या खिशात नवा पैसा आला नव्हता, तरी त्या स्थानकाची किंमत विक्रेता आज मागत होता. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाची किल्ली येथे आहे. सावरणाऱ्या वस्तीत किंमत आधी धावते आणि भाडे मागून चालत येते, आणि मधल्या वर्षांचा खर्च खरेदीदाराच्या माथी पडतो.

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय माहितीपत्रकाचाच होता: मागितलेली किंमत द्यायची, ७०० कर्ज घ्यायचे, तिन्ही भाडेकरूंना घरे रिकामी करायला सांगायची, चारही घरांचे एकदम नूतनीकरण करायचे आणि नवे, चढ्या भाड्याचे भाडेकरू आणायचे. याच्या बाजूने एक खरा मुद्दा होता. गवंडी, प्लंबर आणि वायरमन एकदाच आणले तर काम स्वस्तात आणि नीट होते, राहत्या घरात तुकड्यातुकड्याने काम करणे महाग पडते. विरोधातला मुद्दा असा की काम चालू असताना उत्पन्न शून्य आणि हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून. शिवाय भाडेकरूला घर सोडायला सांगण्याचे नियम शहरागणिक वेगळे असतात. सूचनेची मुदत, भाडेवाढीवरची मर्यादा, ज्येष्ठांना असलेले संरक्षण, हे सगळे त्या शहराच्या कायद्यात वाचूनच ठरवावे लागते. माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता.

दुसरा पर्याय म्हणजे स्थानक सुरू होईपर्यंत थांबणे. यात अनिश्चितता कमी होती, पण तोपर्यंत किंमत आणखी वर गेली असती. तिसरा पर्याय स्थिरावलेल्या वस्तीत एकच चांगला फ्लॅट घेण्याचा होता. त्यात कटकट कमी आणि परतावाही कमी. शिवाय एकच घर असल्याने ते रिकामे झाले की त्या महिन्याचे सगळे उत्पन्न बंद. पतीला हा पर्याय शेवटपर्यंत आवडत होता, आणि तो चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही.

चौथा पर्याय आम्ही तिघांनी दोन बैठकांत तयार केला. आजच्या भाड्यावर हिशेब जुळेल एवढीच किंमत द्यायची, कर्ज कमी घ्यायचे, जुन्या भाडेकरूंना ठेवायचे, आधी फक्त रिकामे घर दुरुस्त करायचे आणि सहा महिन्यांचे हप्ते व खर्च भागतील एवढी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवायची. भाडी पुढे वाढली तर तो फायदा. ती वाढली नाहीत तरी इमारत स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे, ही अट.

जुन्या भाडेकरूंना ठेवण्याबाबत बरीच चर्चा झाली, आणि ती केवळ भावनेची नव्हती. आजींचे २२ आणि बाजारातील ३० यांत ८ चा फरक होता. भाडेकरू बदलायचा तर घर निदान दोन महिने रिकामे राहते, म्हणजे ५ गेले. दलाली एक महिन्याचे भाडे, म्हणजे अडीच. रंगरंगोटी व किरकोळ दुरुस्ती ३. एकूण साडेदहा. पहिल्या वर्षी भाडेकरू बदलणे तोट्याचे होते, पण दुसऱ्या वर्षापासून गणित उलटत होते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ‘माणुसकीही होते आणि पैसाही वाचतो’ असा सोयीचा निष्कर्ष येथे निघत नव्हता. तरीही दांपत्याने ठेवण्याचा निर्णय घेतला, त्याची त्यांनी दोन कारणे दिली. वस्तीतला बदल नक्की केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तोपर्यंत एकोणीस वर्षे न चुकता भाडे देणारा माणूस हीच त्या इमारतीतली सर्वांत खात्रीची गोष्ट होती. दुसरे कारण पत्नीने एका वाक्यात सांगितले, ‘आपल्याला निवृत्तीसाठी उत्पन्न हवंय, त्यासाठी कुणाचं म्हातारपण उठवायला नको.’

केलेली कृती

किंमत ठरवण्यापूर्वी दोन तपासण्या केल्या. पहिली इमारतीची, अनुभवी अभियंत्याकडून. विजेची वायरिंग जुनी आणि आजच्या वापराला अपुरी निघाली, छताच्या एका भागातून पाणी झिरपत होते, आणि पाण्याच्या जस्तलेपित लोखंडी नळ्या आतून गंजून अरुंद झाल्या होत्या. दुसरी तपासणी भाडेकरूंची. प्रत्येकाकडून सहीचे निवेदन घेतले: भाडे किती, डिपॉझिट किती, करार कधीपर्यंत, आणि जुन्या मालकाने तोंडी काही कबूल केले आहे का. शेवटचा प्रश्न मी नेहमी घालतो, कारण तोंडी कबुलीची माहिती विक्रेता सहसा देत नाही. येथेही शिवणकाम करणाऱ्या कुटुंबाने लिहून दिले की जिना आणि अंगण झाडण्याच्या बदल्यात मालकाने त्यांना दर वर्षी अर्ध्या महिन्याचे भाडे सोडले होते. रक्कम लहान, पण ती आधी कळल्यामुळे पुढचा तंटा टळला.

आजींनी निवेदन लिहिण्याऐवजी कपाटातून एक वही आणून टेबलावर ठेवली. शाळेच्या वहीसारखीच, कव्हर दोऱ्याने शिवलेले. प्रत्येक पानावर महिना, दिलेले भाडे, पावतीचा क्रमांक, आणि पावती टाचणीने त्याच पानाला लावलेली. कडेच्या समासात बारीक अक्षरात घराविषयीच्या नोंदी होत्या: नळ गळतो, कळवले, खिडकीची काच बदलली, स्वतःच्या खर्चाने. चार वेगवेगळ्या वर्षांच्या पानांवर एकच नोंद पुन्हा पुन्हा आली होती: ‘जोराचा पाऊस, मोरीतून पाणी वर आले.’ पत्नीने ती मोठ्याने वाचली. अभियंता म्हणाला की मोरीची जाळी साफ नसेल. मी माझ्या टिपणात ‘मोरी: किरकोळ’ असे लिहिले आणि आम्ही पुढच्या पानाकडे वळलो. या प्रकरणात आम्ही जेथे चुकलो ती जागा हीच होती.

तपासणीचा अहवाल आणि भाडेकरूंची निवेदने समोर ठेवून बोलणी केली. दोष दाखवून किंमत पाडण्याचा आव न आणता दांपत्याने आपला पूर्ण हिशेबच विक्रेत्याला दिला: आजचे भाडे, आजचा खर्च आणि त्यातून निघणारी किंमत. पाच आठवड्यांनी व्यवहार ९२० ला ठरला. या किमतीवर साडेचौसष्टचे उत्पन्न बरोबर सात टक्के पडत होते आणि कर्जाचे व्याजही सात टक्केच होते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण भाड्याच्या मालमत्तेत कर्जाने परतावा वाढतो असे सरसकट सांगितले जाते. मालमत्तेच्या उत्पन्नाचा दर व्याजाच्या दराहून जास्त असेल तरच कर्जाने परतावा वाढतो. दोन्ही दर सारखे असतील तर कर्जाने जोखीम तेवढी वाढते, आणि हप्त्यात मुद्दलही असल्याने हातातली रोकड कमी होते. म्हणूनच कर्ज ७०० ऐवजी ५५० घेतले. हप्ते ५१ झाले आणि गुणोत्तर १.२६ वर आले.

स्वतःचे ३७० किमतीत गेले, नोंदणी, वकील आणि इतर व्यवहारखर्च ४६ झाला. वायरिंग, छत, नळ्या आणि रिकाम्या घराचे नूतनीकरण यांसाठी ९५ राखून ठेवले आणि तेवढेच लागले. याशिवाय ४२ वेगळ्या खात्यात. आजींशी व शेजारच्या कुटुंबाशी तीन वर्षांचे लेखी करार केले, ठरलेल्या वर्षी ठरलेल्या लहान वाढीसह. झाडलोटीची सवलत करारात शब्दांत लिहून घेतली.

पहिली दोन वर्षे

रिकाम्या घराचे काम तीन महिन्यांत झाले. त्याच सुमारास स्थानकाला जोडणाऱ्या रस्त्याचे खोदकाम सुरू झाले आणि ते चौदा महिने चालले. सकाळी सातपासून यंत्रांचा आवाज, दारापर्यंत फळ्यांवरून चालत जावे लागे, धूळ खिडकीच्या फटीतून आत येई. नव्या रंगाचे, नव्या स्वयंपाकघराचे घर पाहायला लोक येत आणि खिडकी उघडताच परत जात. ते घर आणखी पाच महिने रिकामे राहिले. वरचा तरुण भाडेकरूही आवाजाला कंटाळून सातव्या महिन्यात गेला आणि ती जागा तीन महिने पडून होती. वस्ती सावरणार याची खात्री असलेल्या माणसालाही सावरतानाची धूळ सोसावी लागते, आणि त्या धुळीचा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

पहिल्या वर्षी भाडे जमा झाले साडेअठ्ठ्याहत्तर. खर्च ३३ आणि हप्ते ५१ जाता तूट साडेपाचच्या आसपास. या जमेपैकी ४६, म्हणजे जवळपास साठ टक्के, तळमजल्यावरच्या दोन जुन्या घरांतून आले, एकाही महिन्याचा उशीर न होता. पहिला पर्याय निवडला असता तर याच वर्षी चारही घरे रिकामी असती, बाहेर रस्ता खणलेला असता आणि हप्ते ६५ चे असते. तो हिशेब मी नंतर कागदावर करून पाहिला. सहा महिन्यांचा राखीव निधी त्यात पाचव्या-सहाव्या महिन्यातच संपत होता.

दुसऱ्या वर्षी पावसाच्या जोराच्या सरीत आजींच्या मोरीतून घाण पाणी वर आले आणि या वेळी ते खोलीभर पसरले. कॅमेरा सोडून वाहिनी तपासली तेव्हा कारण कळले. इमारतीपासून रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीपर्यंतची सांडपाण्याची नळी भाजक्या मातीची होती. अशी नळी आखूड तुकडे जोडून टाकलेली असते, सांधे कालांतराने सैल होतात आणि ओलाव्याच्या शोधात झाडांची मुळे त्यांतून आत शिरतात. कोरड्या दिवसांत उरलेल्या फटीतून पाणी कसेबसे वाहून जाते, पाऊस झाला की ती फट पुरत नाही. पूर्ण वाहिनी बदलावी लागली. खर्च ३८ आला. राखीव निधीतून आधीच साडेपाच गेले होते, त्यात हे ३८. निधी संपला आणि थोडी रक्कम घरखर्चातून घालावी लागली.

काम चालू असताना दांपत्याने आजींची सोय वरच्या, तेव्हा नुकत्याच रिकाम्या झालेल्या घरात केली आणि त्या तीन आठवड्यांचे भाडे घेतले नाही. परत खाली येताना आजींनी वहीत तारीख टाकून एवढेच लिहिले: ‘नवी नळी घातली.’

पाच वर्षांनंतरची स्थिती

स्थानक ठरलेल्या तारखेनंतर दीड वर्षाने सुरू झाले. त्यानंतर भाडी वाढली, आणि बऱ्यापैकी वाढली. पाचव्या वर्षाच्या अखेरीस वरची दोन घरे ३६ आणि ३५ वर गेली होती, शिवणकाम करणारे कुटुंब २८ देत होते आणि आजी २५. एकूण १२४. माहितीपत्रकातल्या १३६ ला इमारत पाच वर्षांनंतरही पोहोचली नव्हती.

खर्चही मागे राहिला नाही. वस्ती वधारली की मालमत्तेचे करमूल्यांकनही वाढते. कर ११ वरून १७ झाला, विमा ४ वरून ६. एकूण खर्च ४४. रिकाम्या काळाचे सहा टक्के वजा करून हाती साडेबहात्तर राहतात, हप्ते ५१. वर्षाला २१ च्या आसपास रोख शिल्लक. दांपत्याने घातलेली एकूण रक्कम, राखीव निधी सोडून पण नवी वाहिनी धरून, ५४९ आहे, म्हणजे रोख परतावा चार टक्क्यांच्या किंचित खाली. पाच वर्षांत कर्जाचे मुद्दल ७५ ने कमी झाले, ते वेगळे. अलीकडच्या मूल्यांकनात इमारतीची किंमत ११५० आली. खरेदी, व्यवहार, दुरुस्ती आणि वाहिनी मिळून खर्च झाला १०९९. आज विकली तर दलाली आणि इतर खर्च जाता या वाढीतून हाती फारसे काही उरणार नाही.

हा परिणाम नेत्रदीपक नाही. इमारत स्वतःचे हप्ते भरते, दुरुस्तीचा निधी पुन्हा साठतो आहे, आणि पंधरा वर्षांनी कर्ज संपल्यावर ज्या उत्पन्नासाठी ती घेतली होती ते मिळू लागेल. त्याच रस्त्यावर त्याच वर्षी पूर्ण किमतीला, मोठ्या कर्जावर घेतलेली एक इमारत खोदकामाच्या काळात हप्ते थकल्याने तोट्यात विकली गेली. त्या व्यवहाराचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे कारणांविषयी अधिक बोलणे योग्य होणार नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी ती मोरी. चार वर्षांच्या चार नोंदी एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होत्या, त्याही सर्वांत खालच्या घरातून आणि फक्त पावसात. वाहिनीत कॅमेरा सोडण्याचा खर्च या मोजपट्टीवर एकाच्याही खाली असतो. तो केला असता तर ३८ पैकी बराचसा भार बोलणीत विक्रेत्यावर टाकता आला असता. अभियंता भिंती, छत आणि तारा पाहतो; जमिनीखाली काय आहे ते त्याला वरून दिसत नाही, आणि तेथे राहणाऱ्याला मात्र ते वर्षानुवर्षे माहीत असते. तेव्हापासून भाडेकरूच्या निवेदनात मी पाचवा प्रश्न घालतो: पाऊस पडल्यावर घरात काय होते?

दुसरे, राखीव निधी. सहा महिन्यांचा निधी स्थिरावलेल्या वस्तीत पुरतो. जेथे सरकारी बांधकाम व्हायचे आहे तेथे ते बांधकाम लांबणार असे धरूनच चालावे, आणि निधी निदान नऊ-दहा महिन्यांचा असावा. खोदकामाचे वेळापत्रक महापालिकेच्या कार्यालयात खरेदीपूर्वीच उपलब्ध होते. आम्ही स्थानक कधी उघडणार ते विचारले, रस्ता कधी खणणार ते विचारले नाही. ते विचारले असते तर रिकाम्या घराचे नूतनीकरण वर्षभर पुढे ढकलून तो पैसा हाताशी ठेवता आला असता.

तिसरा मुद्दा कराराचा. वाढत्या करमूल्यांकनाचा काही भाग भाडेवाढीशी जोडणारे कलम नव्या भाडेकरूंच्या करारात घालायला हवे होते, अर्थात स्थानिक कायदा परवानगी देत असेल तर. जुन्या दोन घरांच्या बाबतीत असे कलम घालावे की नाही यावर माझे आणि दांपत्याचे एकमत नव्हते, आजही नाही. माझा कल घालण्याकडे होता. पत्नीचे म्हणणे असे की वस्ती वधारली यात त्या दोन कुटुंबांचा काही दोष नाही आणि फायदाही नाही.

जुन्या भाडेकरूंना ठेवण्याचा निर्णय मी आज पुन्हा तसाच घ्यायला सांगेन का, असे मला विचारले जाते. पहिल्या दोन वर्षांपुरते उत्तर निःसंशय होय असे आहे. त्यापुढच्या वर्षांत हा निर्णय दांपत्याला दर वर्षी साधारण १८ ला पडतो, आणि ही रक्कम त्यांना माहीत आहे. गेल्या महिन्यात दोन्ही करारांच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मी तो आकडा पुन्हा त्यांच्यासमोर लिहून ठेवला. त्यांनी तो वाचला, आजींच्या करारात १ ची वाढ धरली आणि पुढच्या तीन वर्षांसाठी सही केली.